गाडी नंदीले ओढून राहिली

२७ जुलै, रविवार

अन् मी म्हणतो, बुटीबोरीची नोकरी सोडली त काय डाका टाकला का कुठं? इतके दिवस झाले, अजून तेच सुरू. आज वहिनीचा व्हिडिओ कॉल. मागं खाटेवर बाबा, तोंड भिंतीकडं. वहिनीनं फोन तिकडं फिरवला, "मामाजी, पंकज भाऊजी आहेत." बाबा भिंतीलेच म्हणते, "विचार त्याले, आता कोणती सोडली."

सोडली नाही. तमिळनाडूत होसूरलेच आहे. पण सांगू कोणाले, भिंतीले?

मंग जुईनं फोन हिसकला. दादाची पोरगी, सहावीत गेली. "काका, तुझ्या कंपनीतली ती बिनाड्रायव्हरची गाडी कशी चालते?" सांगतलं. फरशीवर काळी पट्टी चिकटवलेली असते. गाडीच्या पोटाखाली डोळे. पट्टी पाहत पाहत चालते. पट्टी फाटली की जागेवर थांबते अन् बोंबलते. मंग मी जातो अन् नवीन पट्टी चिकटवतो. हेच माह्यं काम.

पोरगी म्हणते, "म्हणजे आपला नंदी पण चालेल. तान्ह्या पोळ्याला सगळे दोरीनं ओढतील, आपला आपोआप येईल."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा, लाकडी बैलांचा. आपला नंदी म्हणजे माह्या लहानपणचाच. सागवानी, खाली पाटाले चाकं, एक शिंग जरा वाकडं. बाबानं कुहीच्या सुतारापाशी बसून करून घेतला होता, माह्यासाठी.

मी हो म्हणून बसलो. मागून आवाज आला, "हो म्हणाले काय जाते. पुरं केलं का कधी काही यानं?"

पाहूच आता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पगार आला. छोट्या गाडीचं सामान मागवलं, पत्ता घरचा टाकला. गाडीचा मेंदू म्हणजे अर्डुइनोची पाटी, पिवळ्या मोटरी, चाकं, दोन आयआर सेन्सर म्हणजे डोळे, मोटरीले करंट देणारी लाल पाटी, सेल. यूट्यूबवर एक पोरगा हिंदीत शिकवते, त्याचं पाहून पाहून पाठ झालं सगळं. दहावीत एवढं पाहलं असतं त... जाऊ दे.

रूमवरचा मानस ओडिशाचा आहे. म्हणते, "भाई, बैल में मोटर डालेगा?" म्हटलं हो. म्हणते, "फिर दूध भी निकाल ले." त्याले बैल अन् गाय सांगण्यातच जेवण थंडं झालं.

३ ऑगस्ट, रविवार

डबा पोचला. वहिनीनं फोन मिक्सरच्या भांड्याले टेकवून ठेवला, इकडून मी, तिकडून जुई. पोरीचा हात बारीक आहे, स्क्रू मस्त बसवते. मी "डावीकडचा लाल वायर" म्हणलो की ती तिच्या डावीकडचा घेते अन् मले उलटं दिसते. एक तास त्यातच गेला. शेवटी मोटरीचे नावं ठेवले. डावी ढवळ्या, उजवी पवळ्या. मंग भांडण नाही.

चालू केलं त ढवळ्या पुढं अन् पवळ्या मागं. गाडी जागच्या जागी गरगर. जुई हसून हसून लोळली. वहिनी म्हणते, "तुमच्यासारखीच आहे भाऊजी, एका दिशेनं जात नाही."

पवळ्याचे वायर उलटे केले. सरळ चालली.

बाबा पूर्ण वेळ खाटेवर. पण पेपर उलटा नव्हता का हातात, तेच पाहून राहिलो मी. पान पलटतच नव्हते.

६ ऑगस्ट, बुधवार

प्रोग्राम. वहिनीच्या फोनले केबल लावून टाकते जुई. मी इंग्रजी शब्द वाचू शकतो पण बोलाले लाज वाटते, पोरगी चटचट वाचते. तिनं वहीत आधी मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं:

दोन्ही डोळ्यांना पांढरं दिसलं तर सरळ चाल.
डाव्याला काळं दिसलं तर डावीकडं वळ.
उजव्याला काळं दिसलं तर उजवीकडं वळ.
दोन्हीला काळं दिसलं तर थांब.

म्हणे, "काका, याला रस्ता माहीतच नाही ना? फक्त बाहेर चाललो एवढंच कळते." म्हटलं, मलेही लहानपणापासून तेवढंच कळते बाई. तिले समजलं नाही. बरं झालं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. जुईनं कुरिअरनं पाठवलेली मानसनंच बांधून देली. त्यालेही एक होती पाकिटात. डोळे पुसत होता येडा.

घरी हॉलमध्ये पांढऱ्या फरशीवर काळी पट्टी लावून गाडी चालवली. पूर्ण गोल मारला! जुई नाचली, मी इकडं गॅलरीत ओरडलो, खालचा घरमालक तमिळमध्ये काहीतरी बोलला.

मंग नंदी ठेवला तिच्या पाठीवर. संपलं. चाकं दबली, मोटरी गुं गुं करून राहिल्या, जागची हलली नाही. सागवान आहे, प्लास्टिक थोडीच. मी म्हटलं नंदीच्या पोटातून थोडं कोरू, हलका होईल. तेवढ्यात बाबा खाटेवरून उठले, नंदी उचलला अन् आतल्या खोलीत नेऊन ठेवला. जुईले म्हणाले, "नंदीले पटाशी लागली त घरात पाय ठेवू नको म्हणा त्याले."

म्हणजे पाय ठेवू शकतो, पटाशी नाही लागली त.

मानस म्हणते मी उगाच अर्थ काढतो.

१० ऑगस्ट, रविवार

जुईच्या डोक्यातून निघालं. "काका, पाठीवर कशाला? नंदीला स्वतःची चाकं आहेत ना. दोरीनं ओढू." इतकं सोपं. गाडीच्या मागं सुतळी, सुतळीले नंदी. बाबापाशी परवानगी मागाले गेली, पटाशी नाही, भोक नाही, फक्त सुतळी. बाबानं नंदी आणून देला. चाकाले मशीनचं तेल घातलं वहिनीनं.

निघाली. हळूहळू, पण निघाली. पुढं बोटभर उंचीची गाडी, मागं मान हलवत आमचा नंदी.

बाबा पाहत होते. मंग हसले. आवाज आला मले, ठसका लागेपर्यंत. "हे पाहा! जन्मभर बैलानं गाडी ओढली, इथं गाडी बैलाले ओढून राहिली!"

किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. कुहीचं शेत होतं तेव्हा, बैलबंडीत मी मागं पाय लोंबवून बसलो की ते असेच हसत, मी पडलो की. पडल्यावर आधी हसायचे अन् मंग उचलायचे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुटी मागतली. सुपरवायझर म्हणते तान्हा पोळा कोणत्या कॅलेंडरमध्ये आहे दाखव. त्याच्या कॅलेंडरमध्ये नाही. गेलो त जागेवर दुसरा येईल. मनात आलं, येऊ दे, ठोकतो रामराम, गुजरातेत सानंदले मित्र बोलावूनच राहिला. आधी असंच केलं असतं. पण मंग बाबाचंच खरं.

तान्हा पोळा आठवते. सकाळी बाबाच्या खांद्यावर बसून मारबतीची मिरवणूक पाहाची, संध्याकाळी नंदी घेऊन तोरणाखाली उभं राहाचं. मंग घरोघरी नंदी दाखवून बोजारा मागाचा. कोणी रुपया, कोणी चॉकलेट. शेवटी आपलंच घर. मी दारात नंदी घेऊन उभा, जसं काही परका. बाबा म्हणत, "अकरा रुपये तुले. हे दहा घे. वरचा एक पुढच्या पोळ्याले. नंदी घेऊन आला त." पुढच्या साली पुन्हा दहाच. मी म्हणे, मागचा एक? म्हणत, "तो दिला त तू येशील कायले?"

१७ ऑगस्ट, रविवार

वळणावर नंदी पडला. दोनदा. गाडी झटका मारते, नंदी आडवा. जुईच्या डोळ्यात पाणी. मी वळण मोठं कर, सुतळी लांब कर, सगळं सांगून पाहलं. काही नाही.

मंग फोनच्या बाहेरून आवाज. मले नाही, जुईले. "वळवताना आतला बैल थांबवून टाकता तुम्ही. बंडी उलटंल नाही त काय होईल? आतल्याले हळू करा लागते, थांबवा नाही लागत."

जुई माह्याकडं पाहते, मी तिच्याकडं. खरंच, डावीकडं वळताना ढवळ्याचा वेग शून्य लिहिला होता आम्ही. शून्याच्या जागी नव्वद टाकले. पडला नाही. थोडा डुलला फक्त, जसा खरा डुलते.

"आबा, तुम्हाला कोडिंग येते?" जुई म्हणे. बाबा म्हणे, "मले बैल येते."

१९ ऑगस्ट, मंगळवार

नवीन लफडं. बाबा म्हणे सणाच्या दिवशी नंदी काळ्या रेषेवरून चालणार नाही. वहिनीचंही तेच. अन् तान्हा पोळा भरते त्या देवळापुढची फरशी शहाबादी, आधीच काळी, काळी पट्टी दिसणारच नाही. मी म्हटलं रांगोळी टाका पांढरी. टाकली. जुईनं आधी गाडी हातानंच ओढून पाहली, त दोन फेऱ्यांत चाकांनी पसरवून देली, दळण सांडल्यासारखी.

आज कामावर पट्टी लावताना हसू आलं. इथं मी काळी चिकटवून राहिलो, तिथं काळी चालत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

बाबानं चुना भिजवला. ब्रशनं अंगणातल्या शहाबादीवर ओळ मारली. जुईनं फोटो पाठवला. काय ओळ! वळणावर हात थरथरला नाही कुठं.

पण गाडी हललीच नाही. जुई रडकुंडी, "काका, बिघडली!" बिघडली नाही. तिनंच लिहिलं होतं, दोन्हीले काळं दिसलं त थांब. आता दोन्हीकडं काळी फरशी, रेष पांढरी. ती बिचारी ऐकून थांबली. मी सांगणार, त्याच्या आधी तीच म्हणाली, "थांब, सगळं उलटं करते." काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं. केबल लावली, टाकलं. चालली.

मी आज काहीच केलं नाही. फक्त पाहलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आता बैल नाहीत, शेतही नाही. वहिनीनं पुरणाचा फोटो पाठवला. नंदीले झूल शिवली, तिच्या जुन्या लाल ब्लाउजपीसची. शिंगाले बेगड. वाकड्या शिंगाले जास्तच लावली.

मानसले पोळा सांगून राहिलो होतो. "तो घर जा ना," म्हणे. इतकं सोपं असते का बे.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळ. पाळीवर चाललो. फोन गेटवर ठेवा लागते. जुईले सांगतलं, सेल नवीन टाक, सुतळीची गाठ पाहा. नाही चालला त बाबाले काही म्हणाचीही गरज नाही, खाटेवर कूस बदलली की झालं.

संध्याकाळ. फोन घेतला त वहिनीचे इतके मेसेज. उघडाले भीती वाटली, बसस्टॉपवर जाऊन उघडले.

देवळापुढं बाबानं सकाळीच जाऊन चुन्याची ओळ मारली म्हणे. सगळे पोरं नंदी घेऊन उभे. जुईचा नंबर आला, बटन दाबलं अन् नंदी उभाच. ढग फाटून ऊन पडलं होतं फरशीवर. मोठे पोरं हसाले लागले, "बैल बसला, बैल बसला." आम्ही अंगणात सावलीतच चालवला होता. ऊन गाडीच्या डोळ्यात गेलं की तिले सगळंच पांढरं दिसते, अन् आता दोन्हीले पांढरं म्हणजे थांब. हे मले सुचाले पाहिजे होतं. नाही सुचलं.

व्हिडिओ पुढं आहे. जुई खाली मान घालून सेन्सर हातानं झाकून राहिली, हाताच्या सावलीत गाडी जराशी सरकली. पोरीनं वर पाहलं, "आबा, सावली!" अन् बाबा, धोतर सावरत, आपली काळी छत्री उघडून आले. छत्री वाकून गाडीवर धरली. गाडी निघाली. बाबा तिच्यासंग. गाडी वळली की बाबा वळते, गाडी हळू झाली की बाबा हळू. कमरेत वाकून, एक हात पाठीमागं. गाडी, मागं नंदी, वर छत्री. तोरणाखाली पोचेपर्यंत कोणी हसलं नाही मंग.

बस आली, गेली. दुसऱ्या बसनं आलो.

२४ ऑगस्ट, रविवार

कॉल केला. बक्षीस दुसऱ्याले, मोठ्या नंदीवाल्याले. जुईले दुःख नाही. बोजारा भरपूर, चॉकलेटंच जास्त.

म्हणे, "काका, आबा म्हणतात ज्यानं ज्यानं नंदी पाहला त्याला बोजारा द्यावा लागते. फोनमधून पाहला म्हणून सूट नाही."

म्हटलं, मंग आबालेच मागू दे की.

फोन फिरवला तिनं. बाबा खाटेवर, मांडीवर नंदी, चाकाले लागलेला चुना ओल्या फडक्यानं पुसून राहिले. आज तोंड भिंतीकडं नव्हतं.

पुसता पुसता जुईलेच म्हणाले, "सांग त्याले, चाक ढिलं झालं एक. पुढच्या पोळ्याआधी कसून घ्या लागेल."

फोन ठेवला. बोजारा पाठवाले एकशे एक टाकले. बोट बटनावर होतं. मंग खोडलं. वरचा एक माह्यापाशी ठेवला अन् पाठवले शंभर रुपये.