अर्धे बाबा दाराआड

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार करायचा तर खाली जागाच नाही. मी वर्गात बसून लिहिते आहे आणि फरशीभर मुलांनी रंगवलेली मांजरं वाळत पडली आहेत. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घे. तुझा गुडघा कसा आहे? शेजारणीने दिलेलं तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला गेला. कान मात्र होते तसेच आहेत, म्हणजे हवं तेवढंच ऐकू येतं.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीशी बाबांसाठी खुर्ची ठेवलीस, आणि घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून तो अगदी एकटा पडलाय, त्याला कायमचा माझ्याकडे पाठव, तूही तुझं बघायला मोकळी होशील, असं लिहिलंस. हो की नाही एवढंच कळव म्हणालीस. तेच कळवायला बसले आहे. पण नुसतं हो किंवा नाही लिहिलं, तर तू पुढच्या गाडीने येऊन दारात उभी राहशील आणि कारण विचारशील (गुडघा गेला खड्ड्यात), म्हणून कारण आधी लिहिते. ते आमच्या दुसरीच्या वर्गातून सुरू होतं. जरा धीर धर.

यंदा मुलांना माहिती गोळा करायला आणि चित्रालेख काढायला शिकवायचं आहे. म्हणजे एक प्रश्न ठरवायचा, सगळ्यांना विचारायचा, प्रत्येक उत्तराला एक रेघ मारायची आणि मग रेघांच्या जागी चित्रं काढून भिंतीवर तक्ता लावायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिला प्रश्न पुस्तकातलाच घेतला, आवडतं फळ कोणतं. सकाळी सगळ्यांनी मतं दिली. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी एकमेकांचे डबे खाल्ले आणि परत आल्यावर निम्म्या वर्गाचं मत बदललेलं. पुन्हा रेघा मारल्या. त्यातून आमच्या वर्गात एक वकीलबाई आहे (वय सात, पुढचे दोन दात पडलेले, बाकी सगळं शाबूत). द्राक्षांना मत देणारी ती एकटीच, म्हणून तिने द्राक्षांचा घड अर्धा कागद व्यापेल एवढा काढला. मी म्हटलं, बाळ, मत एक तर चित्रही इतरांएवढंच हवं. तर म्हणते, "बाई, माझं मत एकच आहे, पण जोरात आहे." मग मी प्रत्येकाला सारख्या मापाचे चौकोन कापून दिले आणि सगळी चित्रं त्यातच बसवायची असा नियम केला. तिने तो मान्य केला, पण चेहऱ्यावरून वरच्या कोर्टात जाणार असं दिसत होतं.

खरा गोंधळ पुढे झाला. दुसरा प्रश्न होता घरात कोणता प्राणी आहे. मांजरं इतकी निघाली की कागद पुरेना. मी मोठ्या हुशारीने सांगितलं की आता प्रमाण घेऊ, एक चित्र म्हणजे दोन मांजरं. वर्गाने मान डोलावली. पण मांजरांची संख्या निघाली विषम, आणि शेवटी अर्धं मांजर काढायची वेळ आली. आत्या, मी फळ्यावर अर्धं मांजर काढलं मात्र, मागच्या बाकावर रडारड सुरू झाली. अर्धं म्हणजे कापलेलं, आणि ते कुणाचं, यावरून तीन घरांत भांडण लागायची पाळी आली. एकीने तर आपल्या मांजराचं मत मागे घेतलं. शेवटी वकीलबाईनेच तोडगा काढला. मांजर अख्खंच आहे, पण अर्धं दाराआड आहे. मी दार काढलं, मांजराचं तोंड आणि पुढचे दोन पाय बाहेर ठेवले, आणि वर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून आमच्याकडे अर्धं म्हणजे दाराआड. (माझं सगळं शिक्षण एकीकडे आणि हे दार एकीकडे.)

हे पाहून मुख्याध्यापिका बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, पालकसभेच्या दिवशी भिंतीवर मुलांनी स्वतः शोधलेला प्रश्न हवा. मुलांनी बराच खल केला आणि प्रश्न ठरवला: आपला तास चालू असताना दारावर कोण येतं? मला आवडला प्रश्न, कारण सूचना घेऊन येणारे शिपाईकाका आणि खडू मागायला येणारे चौथीचे वर्गप्रमुख यांचा मला जुना वैताग आहे. दाराशी एकेक पहारेकरी बसला आणि रेघा पडू लागल्या. चित्रालेख तयार झाला तेव्हा शिपाईकाकांची रांग आखूड, चौथीची त्याहून आखूड, मुख्याध्यापिका बाईंचं एकच चित्र (तेही दाराआड), आणि एक रांग कागद ओलांडून खाली दुसरा कागद चिकटवण्याइतकी लांब. त्या रांगेत सगळीकडे टोपी, चष्मा आणि हातात डबा. तुझा भाऊ!

आता इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी लाजेने लिहिली नव्हती. गेले काही महिने मी डबा विसरत होते. रोज नव्हे, पण फार. पिशवीत डबा ठेवल्याचं मला स्पष्ट आठवायचं, आणि शाळेत उघडावी तर आत डब्याऐवजी स्क्रूंची बरणी, नाही तर पितळी पेपरवेट. एकदा गजराचं जुनं घड्याळ निघालं, आणि तेही पाढे म्हणताना वाजायला लागल्यावर. थोड्या वेळाने बाबा धापा टाकत डबा घेऊन दारात हजर. घरी आल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, घाईत काहीतरी भलतंच भरतेस गं, होतं असं, तुझंही वय झालं. मी खरंच घाबरले होते. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी झोपा म्हणून सांगितलं. दाराच्या आतल्या बाजूला 'डबा' असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं, तर बाबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने 'नक्की?' असं लिहिलं.

चित्रालेखावर प्रश्न विचारायचे असतात, असं मीच शिकवलं होतं. सर्वांत जास्त कोण, सर्वांत कमी कोण, इत्यादी. वकीलबाईने विचारलं, बाई, आजोबा डबा देऊन मग कुठे जातात? मी म्हटलं, घरी. तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तर पाठ करून आलेल्या साक्षीदाराकडे पाहतात तसं, आणि खिडकीशी दुसरा पहारा बसवला. आठवडाभराने रेघा मोजून त्याचाही तक्ता काढला. फाटकाकडे एकही नाही. सगळ्या लायब्ररीकडे.

आमच्या लायब्ररीच्या बाई तू पाहिलेल्या नाहीस. उंच आहेत, चष्मा साखळीने गळ्यात, मिस्टर जाऊन खूप वर्षं झाली, आणि फाटलेल्या पुस्तकांना इतक्या मायेने चिकटवतात की मुलं मुद्दाम फाडतात. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते बाबा दुरुस्त करताहेत, एवढं मला ठाऊक होतं. जो माणूस गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत घड्याळ चालू करून द्यायचा, तो या एका घड्याळाला शाळा उघडल्यापासून लागलाय, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा पिशवीत ठेवला, केस विंचरायला आत गेले आणि आरशातून बाहेर पाहत राहिले. बाबा चवड्यांवर आले. डबा काढला. हातावर तोलला. मग फडताळातून तेवढ्याच वजनाचं काही मिळतंय का ते शोधू लागले. इतके खूश दिसत होते आत्या, की मी आणखी बराच वेळ केस विंचरत राहिले.

रागवायला हवं होतं. डॉक्टरांची फी तरी वसूल करायला हवी होती. पण आई गेल्यापासून त्यांना टोपी नीट बसवून, आरशात पाहून घराबाहेर पडताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी रोज इमानेइतबारे डबा विसरू लागले.

पालकसभेला मी तो लायब्ररीचा तक्ता लपवून ठेवला होता. वकीलबाईने तो शोधून, पहिल्या तक्त्याला जोडून, बरोब्बर दारासमोर लावला. वर्ग पालकांनी भरलेला, बाबा कोपऱ्यात (मला काही लागलं तर, म्हणून आलेले), आणि त्यात लायब्ररीच्या बाई टाचण्यांची डबी परत द्यायला आल्या. त्या तक्त्यासमोर थांबल्या. चष्मा लावला. वरून खालपर्यंत पाहिलं. बाबांचे कान टोपीखाली लाल झाले आणि ते खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले. मला वाटलं, आता या रागावणार, आणि बाबा पुन्हा कधी फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाहीत. बाई खाली वाकल्या आणि वकीलबाईला हळूच म्हणाल्या, "अगं, इथे एक चुकलंय. काल ते दोनदा आले होते. दुसऱ्यांदा तुमचा वर्ग सुटला होता."

मुलांनी लगेच पेन्सिल दिली. एक वेळ वाढली म्हणजे अर्धंच चित्र वाढणार, हे वर्गाने त्यांना समजावून सांगितलं. बाईंनी चौकोनात दार काढलं, आणि दाराआडून डोकावणारी टोपी, चष्मा आणि अर्धा डबा. चांगलं जमलं होतं. बाबांनी खिडकी सोडली, जवळ जाऊन ते बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "टोपी बरी आलीय."

तर असं आहे. मुलांना माहिती गोळा करता येऊ लागली, मुख्याध्यापिका बाईंनी शाबासकी दिली, आणि माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. बाबा म्हणतात, ताईला कळव की परीक्षा झाल्या की मी येतो. परीक्षा कुणाच्या, ते सांगत नाहीत. तेल लावत जा.

तुझी भाची

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. बाबा लायब्ररीच्या बाईंना अजून काही विचारत नाहीत, आणि त्याचं कारण तू आहेस. या वयात हे काय, असं ताई म्हणेल, या धास्तीने ते घड्याळाचा एकच स्क्रू काढतात आणि पुन्हा बसवतात. माझं ऐकत नाहीत. तू त्यांना एक पत्र लिही. तुझ्या नेहमीच्या पद्धतीने रागावूनच लिही, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल, पण रागाव ते विचारत नाहीत म्हणून.

ता. क. दुसरा. माझी काळजी करू नकोस. मी मोकळीच आहे, आणि दुपारी गरम डबा खाते.

ता. क. तिसरा. ती खोली मोडू नकोस. कायमचे नाही, पण सुट्टीत बाबा नक्की येतील. फक्त खिडकीशी आणखी एक खुर्ची ठेव. आमच्या तक्त्याखाली मुलांनी ठळक अक्षरांत लिहिलंय, एक चित्र म्हणजे दोन.