तळ्यावरचा रविवार

प्रिय ताई,

अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, आणि ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. आप्पा गेले तेव्हा तू आली नाहीस म्हणून मी तुला चार पानं भरून शिव्याच लिहिल्या होत्या. अशा भावाचं दुसरं पत्र कुणी का वाचावं? त्या चार पानांत मी लिहिलं होतं की आप्पांनी मारलं म्हणूनच आपण माणसात आलो. चार वर्षं झाली त्याला. आज सकाळी ते वाक्य आठवलं आणि मी कागद पुढे ओढला. काल मी माझ्या पोरांवर हात उचलला ताई. ते कुणाला तरी खरंखरं सांगायला हवं. बायकोला सांगण्यात अर्थ नाही, तिला दिसतंच आहे.

माझी पोरं तू पाहिलेली नाहीस. मुलगी सात वर्षांची, तिला आम्ही मोठी म्हणतो. मुलगा चारचा, त्याचं नाव ढब्बू पडलंय, कारण जन्मला तेव्हा सगळा ऐवज गालांतच होता. आम्ही अजून तिथेच राहतो, पुढे काचेचं दुकान आणि मागे दोन खोल्या. बायको बेकरीत कामाला जाते आणि रविवारीही तिची पाळी असते, म्हणून रविवारी पोरं माझ्या ताब्यात. काल मी खुशीत होतो. दूध मी तापवलं, मोठीची वेणी मी घातली, वाकडी झाली तर आम्ही तिघं हसलो. तळ्यावर जाऊ म्हटल्यावर मोठीने ढब्बूला आतल्या खोलीत नेऊन तयार केलं. त्याचं सगळं तीच बघते. मी तिला मुकादम म्हणतो आणि लोकांत तिचं कौतुकही करतो.

ऊन मरणाचं होतं. बसमधून उतरल्यापासून ढब्बूचं तुणतुणं सुरू, उकडतंय, उकडतंय. चालत होता तोही फेंगडा, पाय फाकवून, दर दहा पावलांना थांबत. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा दंडाला धरून पुढे ओढलं. मोठी मध्येच म्हणाली, बाबा, मी धरते ना त्याला. पायांनी चालवायच्या होड्या आहेत तिथे. त्यांच्या रांगेत अर्धा तास उभे होतो, आणि नेमका आमचा नंबर आला तेव्हा ढब्बूने फतकल मारली. मागचा एक माणूस म्हणाला, अहो, पोर सांभाळता येत नसेल तर आणता कशाला. बस, एवढंच. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मी वळलो, त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड कठड्यावर आदळलं. ओठ फाटला त्याचा. त्याची बायको किंचाळली, होडीवाला शिट्टी फुंकत धावला, दोघातिघांनी मला मागे खेचलं. माझ्या शर्टावर त्या माणसाच्या रक्ताचे थेंब होते आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

मग पोरं दिसेनात. पाहतो तर लांबच्या बाकामागे मोठी ढब्बूला घेऊन बसलेली, त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर दाबून, त्याच्या कानावर हात ठेवून. मी कॉलर धरली त्याच क्षणी ती तिथून निघाली असणार. त्या वेळी मला वाटलं, पोरगी काय शहाणी आहे, गर्दीत न रडता भावाला घेऊन बाजूला झाली. हे शहाणपण तिच्यात आलं कुठून, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी दोघांना आइसक्रीम घेऊन दिलं. दोघांनी ते मुकाट्याने संपवलं, जसं औषध संपवतात.

परतताना बसथांब्यावर ढब्बूला लघवी लागली. समोरच सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. मी मोठीला म्हटलं, ने त्याला. दोघं आत गेली, बराच वेळ लागला, बस आली आणि गेली. बाहेर आला तो पायांपर्यंत भिजलेला. मोठी त्याच्यापुढे उभी, फ्रॉकने त्याला झाकत. थांब्यावरची दोन कॉलेजची पोरं हसली. मी काहीही केलं नाही. रस्त्यात मी पोरांना मारत नाही ताई. आप्पाही मारत नसत. आपल्या घराण्यात अब्रूला फार जपतात. मी फक्त त्याचं मनगट धरलं, आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. मनगटावर माझी चार बोटं अजून आहेत.

घरी आल्यावर मी दुकानातली पट्टी आणली. तीच, आप्पांची, काचेवर रेघ मारताना धरायची ती सागाची. आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, रेघ एकदाच मारायची, त्याच रेघेवर काच कापायचा हिरा दुसऱ्यांदा फिरवला की काच हवी तशी तुटत नाही. दुकानात त्यांनी तो नियम कधी मोडला नाही. मीही मोडत नाही. ढब्बूला मी पलंगावर पालथा पाडला आणि कमरेखाली मारायला लागलो. आवाज बोदा येत होता. पोरगं ओरडत होतं, पण ते नुसतं भ्यायलेलं ओरडणं होतं, लागल्याचं नव्हे. एवढा फरक मला कळतो. आपल्याला दोघांनाही कळतो. आणि त्याला लागत नाही या एका गोष्टीने माझं डोकं फिरलं. लागायला पाहिजे होतं मला. म्हणून मी खाली सरकलो आणि अर्ध्या विजारीखालच्या उघड्या पोटऱ्यांवर पट्टी आडवी घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मोठी मध्ये आली, डावा हात पुढे करून. तो आवाज बोदा नव्हता.

मग मी थांबलो. राग उतरला की मी फार प्रेमळ होतो, हे तुला मी सांगायला नको, तूही तसला बाप पाहिलायस. मी पट्टी खाली टाकली, ढब्बूला उचललं, माझ्या सोन्या वगैरे म्हणालो आणि त्याला अंघोळीला घेऊन गेलो. ओली विजार काढायला गेलो तर नाडीला गाठीवर गाठ. सुटेना तेव्हा दातांनी सोडवली. आत दुसरी विजार, तिलाही तशीच गाठ. तिच्या आत मोठीची लहानपणची थंडीतली लोकरीची, गुडघ्यापर्यंतच येणारी, त्याच्या अंगाला घट्ट बसलेली. मे महिन्याच्या उन्हात तीन विजारी घालून पोरगं दिवसभर तळ्यावर हिंडलं होतं. म्हणून उकडत होतं. म्हणून फेंगडा चालत होता. म्हणून त्या गाठी वेळेवर सुटल्या नाहीत, म्हणून भिजला, आणि भिजला म्हणून मी मारला. पोरीने त्याला माझ्यापासून वाचवायला जे केलं, त्याचंच निमित्त करून मी त्याला झोडपलं.

मी न्हाणीत ओल्या फरशीवर बसलो. आप्पा दुकान बंद करताना शटर जोरात आदळायचे, आणि त्या आवाजासरशी तू मला कपाटामागे ओढून दोन विजारी चढवायचीस, एक माझी आणि एक तुझी. बोलायची नाहीस, भराभर नाडी बांधायचीस. तुझ्या अंगात मात्र एकच असायची, कारण दुसरी मी घातलेली असायची. चाळीशी आली तरी ही एवढी साधी बेरीज मी कधी केली नव्हती. ती काल केली. मोठीला हे कुणी सांगितलं असेल म्हणतेस? मी तर आपल्या लहानपणाचं अवाक्षर तिच्यापाशी काढलेलं नाही. तिचं तिने शोधून काढलं. सकाळी मी खुशीत होतो, वेणी घालत होतो, हसत होतो, आणि ते बघूनच तिने ओळखलं की आज तीन लागतील. गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. तिला सांगता येईल. खाण तशी माती म्हणतात, पण ती म्हण माझ्यापुरती ठेव, तिला लावू नकोस. ती तुझ्यावर गेलीय.

तिचा हात तासाभरात सुजला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशी पडलीस गं. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, झोपाळ्यावरून. कुठला झोपाळा, किती उंच, खाली माती होती की दगड, सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होत्या. हाडाला चीर आहे. सहा आठवडे प्लास्टर. येताना मी तिला उचलून घेऊ का विचारलं तर म्हणाली, नको बाबा, पायाला काही झालेलं नाही.

बायको संध्याकाळी आली. तिने प्लास्टर बघितलं, ढब्बूच्या पोटऱ्या बघितल्या, आणि मला म्हणाली, उद्या दहाच्या बसने मी पोरांना घेऊन ताईंकडे जातेय, अडवायचं असेल तर आत्ता अडवा. तुम्हा दोघींचं फोनवर बोलणं असतं हे मला तेव्हा कळलं. मी अडवलं नाही. आता सकाळचे सात वाजलेत, ती पोरांना दूध देतेय, आणि मी दुकानात बसून हे लिहितोय. तिच्या पिशवीत वरच ठेवेन. बायकोच्या उजव्या मनगटाचं दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं, तेही तिला विचार. सांगेल. पण पत्र माफीचं नाही ताई, एका कामाचं आहे. मी तुझ्याकडे येईन. आठ दिवसांनी, कदाचित चारच. मला मी माहीत आहे. दाढी करून येईन, खेळणी आणेन, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा गोड बोलेन. रडेन, आणि ते रडणं खरं असेल. तुझं माझ्यावर किती प्रेम होतं ते तुलाच आठवून देईन. दार उघडू नकोस. लाथा घातल्या तर पोलिसांना बोलव, आणि ते आले की हे पत्र त्यांच्या हातात दे. मी म्हणेन, ते असंच भरात लिहिलं होतं. तसं नाही. आत्ता मला कुणाचाही राग आलेला नाही, आणि मी पूर्ण शुद्धीवर राहून सांगतोय, माझी पोरं माझ्या हाती देऊ नकोस.

तुझाच,
बारक्या