न फोडलेलं पाकीट

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच घालतो). तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढू देतो का? माझी तब्येत बरी म्हणायची. चार महिने स्वतःच्या हातचं खाऊन माणूस जितका बरा राहील तितकी.

तुमचं कार्ड मिळालं. "तिच्या पत्राला उत्तर द्या, मग ती यायचं की नाही ते ठरवील," एवढंच तुम्ही लिहिलंत. मी चक्रावलो. तुमच्या शुश्रूषेला गेलेली तुमची बहीण गुडघा वाकेपर्यंत तिकडेच राहणार, असं मी धरून चाललो होतो. आणि पत्र कसलं? सगळं घर पालथं घातलं. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तेव्हापासून चैन नाही.

त्याचं असं झालं. तुमच्या गावाहून आमच्या गावी पहिल्यांदाच विमान सुटणार होतं. अशा पहिल्या उड्डाणातल्या टपालावर विमानाचं चित्र असलेला खास शिक्का बसतो, आणि त्यासाठी आमच्यासारखे टपालतिकिटं जमवणारे लोक स्वतःच स्वतःला पाकिटं धाडतात. (तुम्ही याला वेड म्हणता. म्हणा.) मी स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट तिच्याकडे पाठवलं आणि बजावलं, की तिकीट उजव्या कोपऱ्यात सरळ लाव, आत कोरं जाड कार्ड घाल म्हणजे कोपरे दुमडत नाहीत, आणि नीट चिकटव. पाकीट आलं, देखणं आलं. आत जाडसर लागलं. म्हटलं, शिकली हो. चिमट्यानं उचलून अल्बममध्ये ठेवलं. तिचा फोन आला, पाकीट पोचलं का? मी म्हटलं, अप्रतिम. ती म्हणाली, आणि? मी म्हटलं, शिक्का किंचित तिरका आहे, पण चालेल. तिनं फोन ठेवला. पुढच्या फोनवर पुन्हा तेच, तेव्हा मी तिच्या डिंक लावण्याचं कौतुक केलं. त्यानंतर फोन नाही.

आता घोळ असा, की ती विमानसेवा आठवड्यातच बंद पडली. त्या शिक्क्याची पाकिटं एकंदर अकरा, आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष (निवृत्त दंतवैद्य, अजून माणूस भेटला की आधी तोंडात बघतात) सांगतात, की न फोडलेलं हे एकच. वाफेवर धरावं तर शाई पसरणार. दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिलं, तर कागदाला तीन घड्या, अक्षरावर अक्षर. 'पंधरा' लागतं, 'बॅग' लागतं, आणि 'नाही' दोन-तीनदा. तीन दिवस हाच उद्योग चालू आहे. दूध दोनदा उतू गेलं. थकलो हो दादा.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : एवढ्या लांबणीचं कारण असं, की तिला सहज बोलता बोलता विचारून पत्रातला मजकूर वेगळ्या कागदावर उतरवून घ्याल का? मी उलट टपाली उत्तर देईन. मी विचारलंय असं म्हणू नका.

ता. क. २ : वरचं पुन्हा वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पाकीट फोडलं. अंगठ्यानं, आडवं, शिक्क्याच्या मधून. ती लिहिते, की फोनवर बोललं तर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून यात घालते. निदान हे तरी दोन्ही हातांनी धराल. दादाला आता माझी गरज नाही. मला एकटीनं यायचं नाही. पंधरा तारखेला न्यायला या, मी बॅग भरून बसते. ती पंधरा तारीख जाऊन अडीच महिने झाले.

ता. क. ३ : या पाकिटावर तिकीट नाही, कारण पत्र मीच घेऊन आलोय, आता तुमच्या दाराखालून सरकवतो. बेल वाजवायचा धीर होत नाही, जिन्यात बसलोय. तिला विचारा, पुन्हा बॅग भरायला किती वेळ लागेल. कितीही लागला तरी मी थांबतो.