कोड दादाच्या फोनवर

आर्णी, मंगळवार, संध्याकाळ

एका हातानं नाक दाबून लिहून राह्यलो, अक्षर वाकडंच येईन.

पोळ्याले वावराच्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून, दादासंगं मारामारी झाली, त्यात माहा फोन फुटला. तवापासून बोलणं बंद. आज नव्या फोनवर ईमेल सुरू करायले बसलो. वणीच्या खाणीवरचा ठेकेदार मले ड्रायव्हर म्हणून घ्यायले तयार हाये, त्याले आजच मेलवर होकार द्यायचा होता. पासवर्ड आठवेना. फोन म्हणते, कोड पाठवला. कुठं, तर दादाच्या नंबरवर. मेल त्यानंच काढून देल्ला होता, तवा घरात फोन त्याचाच.

गेलो त्याच्या दारात. म्हटलं, "कोड सांग."

"तुह्या बापाचा नोकर हाय का मी?"

बाप दोघायचा एकच, तरी म्हणते. मी कॉलर धरली. त्यानं कपाळ हाणलं नाकावर. मी त्याले चौकटीवर आपटलं, कानामागून रक्ताची धार लागली. वहिनी मधात पडली तवा सुटलो. तोवर कोडची मुदत संपली.

नाक पुसत त्याच्याच ओट्यावर बसून परत कोड मागवला. आत त्याचा फोन वाजला. वाटलं, आता रागानं सोताचाही फोडते. पण त्यानं आतूनच एकेक आकडा वरडून सांगितला, मधात शिव्या. एका हातानं कान दाबूनच असन.

लय लागलं असन का कानाले?

मेल उघडला, होकार धाडला. मग फोननं विचारलं, कोडसाठी नंबर बदलायचा का? माहा नंबर टाकला, मग खोडला. दादाचाच राहू देल्ला.