ऑपरेशनच्या टेबलावर हळद

ती. सत्यवतीताईस,

सुकापूरहून आशालताचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जासईला सगळी खुशाल ना? मी अगदी बरी आहे. (म्हणजे प्रणित फोनवर सगळ्यांना असंच सांगतो.)

माझ्या हाताची थरथर तू पाहिलीसच. हळदीला चौक भरायला बसले की निम्मे तांदूळ माझ्याच पदरात. त्यापायी आपल्या जोडीला लग्नात धवले गायची बोलावणी येईनाशी झाली, म्हणून डोक्याच्या ऑपरेशनला हो म्हटलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, हात थांबेल, पण आवाजाला धक्का बसू शकतो. लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारणीला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुला कळेल. फार भ्याले मी.

हे ऑपरेशन माणसाला जागं ठेवून करतात. डोकं लोखंडी चौकटीत, कवटीला भोक, आणि वर डॉक्टर म्हणतात, काकी, बोलत राहा. तोंडं बांधलेल्या अनोळखी माणसांशी बोलणार काय? (घरातही बोलायची सवय मोडलीय.) मी सरळ हळदीचा धवला धरला, चांगला खणखणीत. मध्येच हात वर करायला लावला, तर काठीसारखा सरळ. डॉक्टर खूश. म्हणाले, झालं, आता गप्प पडा. मी म्हटलं, "नवरीला हलद लागलीय डाक्टर, धवला मधीच कसा सोरू?" बिचारे हत्यारं धरून उभे राहिले. पण ताई, माझी ओळ संपली की मी तुझ्या ओळीची वाट बघायचे, आणि नुसतं मशीन टुकटुकायचं. तेव्हा मला रडू आलं.

आता दिवसभर घरी एकटीच असते. प्रणित आणि सूनबाई रोशनी सकाळीच कामाला जातात. परवा शेजारीण माझं टक्कल बघून म्हणाली, तिरुपतीला जाऊन आलात वाटतं, प्रसाद नाही दिलात. मी मान हलवली आणि डब्यातला बुंदीचा लाडू दिला. तिने तो डोळे मिटून, भक्तीने खाल्ला आणि बराच वेळ बसली. खरं कळलं असतं तर लवकर उठली असती.

तुझी,
आशालता

ता. क. पळस्प्याला महादेवच्या मुलीची हळद आहे. आपण दोघी येतो असं तुला न विचारताच कळवलंय. रागावू नकोस.

आणखी एक. या वेळी पहिली ओळ तू धर. हात थांबला, पण माझा आवाज पार बसलाय, फोनवर तर पोचतच नाही. हळदीआधी चार दिवस इकडे राहायला ये. मी बोललेलं ऐकायला आता कुणीतरी अगदी जवळ बसावं लागतं.