दहा मिनिटं पुढे

सोमवार, ३ नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी उशीर! मारतहळ्ळीहून पावणेआठला निघाले. बस, मग मेट्रो, आणि यशवंतपूरला उतरून जवळजवळ पळतच रक्तपेढी गाठली. माझ्या मते बरोबर दहा. भिंतीवर दहा वाजून दहा. इथली सिस्टिम सांभाळणारे खंडोजीराव दारातच उभे. "या अक्का. उद्यापासून स्वल्प लवकर निघा." कानशिलं तापली अगदी.

काम सरळ आहे. जुना सर्व्हर अकरा वर्षांचा. कुठली पिशवी कुठल्या गटाची, तपासणी झाली का, कुठल्या हॉस्पिटलला कधी निघायची — सगळं त्याच्या पोटात. दोन डिस्कपैकी एक गेलीय, दुसरी कण्हतेय. ती जायच्या आत शेजारच्या नव्या सर्व्हरवर आमचं सॉफ्टवेअर चढवायचं. बावीस पायऱ्या. पुण्यात सहा ठिकाणी केलंय. दोन दिवस, फार तर तीन.

खंडोजीरावांनी सगळीकडे फिरवलं. प्लेटलेट्सच्या पिशव्या ठेवायचं एक यंत्र आहे, ते त्यांना सतत हलवत ठेवतं, पाळण्यासारखं. थांबलं की खराब होतात म्हणे. मी बघतच राहिले. कुणाच्या तरी दंडातून निघालेलं, आणि अजून कुणाचंच नाही! नऊ वर्षं सर्व्हर लावतेय. त्यावर काय चालतं ते कधी जाऊन बघितलंच नव्हतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पायरी सतरा. "ओळख पटली नाही." नवा सर्व्हर जुन्याकडे लोकांची खाती मागायला जातो आणि जुना त्याला दारातूनच परत पाठवतो. पासवर्ड बरोबर आहे. तीनदा बघितला!

आज सव्वानऊला पोचायचं ठरवलं होतं, माझ्या अंदाजाने पोचलेही. भिंतीवर नऊ पंचवीस. या शहराच्या ट्रॅफिकला आग लागो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सगळं पुसलं. पहिल्यापासून. सतरा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फायरवॉल उघडली, अँटिव्हायरस बंद केला, केबल बदलली, परवानग्या नव्याने दिल्या. सतरा, सतरा, सतरा! पुण्याहून माझा मॅनेजर यशोवर्धन — "उल्का, एकदा रीइन्स्टॉल करून बघितलंस का?" अरे शहाण्या!

दुपारी जुना सर्व्हर वीस मिनिटं बंद पडला. सगळे कागदावर आले. खिडकीशी एका पेशंटचा भाऊ उभा होता, पिशवी हवी म्हणून. आत पिशवी होती, पण तपासलेली हीच का, हे सांगणारं कुणी नाही. खंडोजीरावांनी मशीनच्या पाठीवर तळवा ठेवला, काही तरी ऐकल्यासारखं केलं, एक केबल काढून परत खोचली. सुरू! मी इतके कोर्स केलेत, मला हे कुणी शिकवलं नाही.

नंतर त्यांनी स्वतःच्या डब्यातलं चित्रान्न अर्धं माझ्या झाकणात काढलं. काय चव! म्हटलं, वहिनींना सांगा, फार छान झालंय. "सांगतो," म्हणाले.

सोमवार, १० नोव्हेंबर

सापडलं!!

आठव्यांदा सतराव्या पायरीवर आपटले. नव्या सर्व्हरच्या नोंदीत वेळ अकरा वाजून दोन. म्हटलं, जुन्याने त्याच वेळी काय लिहिलंय बघू. अकरा दोनला काहीच नाही. मागेपुढे काही नाही. खंडोजीराव मागून सहज म्हणाले, "अकरा बाराला बघा की अक्का."

का?

"आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं, नव्हे?"

घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं! आख्ख्या रक्तपेढीचं! सर्व्हर पुढे, म्हणून सगळे कॉम्प्युटर पुढे, भिंतीवरचं त्यांना जुळवून पुढे. नवा सर्व्हर मी पहिल्या दिवशीच खऱ्या वेळेवर लावला होता. आणि दोन मशीनच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ती एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, हे तर मी नव्या पोरांना शिकवते! आठ दिवस मी उशिरा आलेच नव्हते.

ओरडले. "हे सांगायला नको का कुणी?" ते केबल गुंडाळत म्हणाले — "सगळ्यांना म्हाइतीच असतं, अक्का. सांगायचं सुचलं नाही."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ओरडले म्हणून सकाळी माफी मागायला गेले. त्यांनी कपाटातून लांबट वह्या काढल्या. रक्त घेऊन निघालेली प्रत्येक गाडी. निघाली कधी, पोचली कधी. २००८ पासून, एकाच अक्षरात. आधीच्या सर्व्हरचं घड्याळही त्यांनीच पुढे केलेलं. मी पानं उलटत गेले. सतरा वर्षांत एक गाडी उशिरा पोचलेली नाही. गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलवरून! बंद, मोर्चे, उड्डाणपुलाची कामं — एक नाही!

"पण घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत आहे ना?"

"आहे की. पण काटा बघितला की पाय उचलतातच."

आम्ही नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्क्यांच्या गप्पा स्लाइडवर मारतो. या माणसाने एक काटा सरकवून शंभर करून दाखवले आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

पण घड्याळ खरं करावंच लागणार होतं. जुन्या सर्व्हरचं मी केलं. भिंतीवरचं त्यांनीच स्टुलावर चढून मागे घेतलं. पाठ माझ्याकडे होती. बराच वेळ लागला त्यांना.

सतरा पार. अठरा, एकोणीस... तीन चाळीसला बावीस! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते मान डोलवत म्हणाले, "सरी अक्का. गाडीचं तेवढं बघायला पाहिजे." मी म्हटलं, आता खरी वेळ आहे, काळजी कसली?

बुधवार, १२ नोव्हेंबर

तुमकूर रस्त्यावरच्या हॉस्पिटलला रक्त नेणारी गाडी सात मिनिटं उशिरा पोचली. पेशंट ठीक आहे. फोन येईपर्यंत खंडोजीराव फाटकाबाहेर उन्हात उभे होते. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

वहीत त्यांनी सात लिहिले. त्याच अक्षरात.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळभर बसून ड्रायव्हरला मिळते ती गाडीची चिठ्ठी बदलली. सर्व्हरला खरी वेळ, पण छापताना निघायची वेळ दहा मिनिटं आधीची. मशीनचा विश्वास राहतो आणि पायही उचलतात. त्यांना दाखवलं. पंधरा करू का, विचारलं. आणखी सुरक्षित. "नको. दहाच ठेवा."

दहाच का? "पुरतात."

जुना सर्व्हर संध्याकाळी बंद केला. पंखा थांबेपर्यंत त्यांनी त्याच्या पाठीवरचा तळवा उचलला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परतताना ड्रायव्हर कार्तिकने यशवंतपूर स्टेशनपर्यंत सोडलं. इथे वीस वर्षं गाडी चालवतोय. त्याला विचारलं, दहाच का? सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाला — "वह्यांच्या आधी एकदाच उशीर झाला होता. गाडी मीच चालवत होतो. आठ मिनिटं. बाळंतपणाची केस. गोजराबाई, खंडोजीअण्णांच्या मिसेस. वाचल्या नाहीत. चिठ्ठी अण्णांनीच छापली होती. अगदी खऱ्या वेळेची."

आणि मी म्हटलं होतं, वहिनींना सांगा, छान झालंय. "सांगतो," म्हणाले होते.