एकाच अंतरावर

६ ऑक्टोबर

मागच्या वर्षीची ती सकाळ. अंगण झाडून झालं होतं, सडा टाकला होता, चहाची गंजी घासून पालथी घातली होती. मग सुपात तांदूळ घेऊन दारात बसले. नीतू तेव्हा सुट्टीवर आलेली. मोबाइलवर व्हिडिओ घेत माझ्यापुढे उकिडवी बसली — "आई, इकडं पाय. हास ना जराशी!" मी हसले. हे तलावावर गेले होते, तुडुम म्हणजे तळाची मोरी उघडायला. जड धानाला शेवटचं पाणी हवं होतं. माझ्या पाठीमागे तलावाची पाळ होती आणि मी खडे निवडत होते.

दुपारी ह्यांना खाटेवर घालून आणलं.

तुडुमावर आमच्याकडे कोणी एकटं जात नाही. एकाने बुडी मारून खालचं लाकडी बूच काढायचं, दुसऱ्याने पाळीवर दोर धरून उभं राहायचं. दोर कमरेला बांधत नाहीत, दगडांत अडकतो. खालच्याने नुसता मुठीत धरायचा, बूच उपटताना क्षणभर सोडून पुन्हा पकडायचा. बूच निघालं की पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा वरच्याने खेचायचं. लहान पोरालाही हे ठाऊक. मग हे एकटे कसे गेले? गजेंद्र, माझा दीर, सगळ्यांपुढे म्हणाला, "भाऊ कोणाचं आयकते का? मले उठवलंबी नाई. दोरबी नाई नेला." साऱ्यांनी माना हलवल्या. मीही. हे हट्टी तर होतेच!

आता ह्यांची बरसी आली, वर्ष झालं. नीतू हैदराबादहून आली आहे, आपला कॉम्प्युटर घेऊन. बाबांची छोटी फिल्म करते म्हणाली. बरसीच्या आधी घरच्यांना दाखवेल.

७ ऑक्टोबर

नीतूचं काम आज पहिल्यांदा नीट समजलं. सिनेमातला माणूस एकीकडे काढतात, डोंगर दुसरीकडे, आग तिसरीकडे. ही ते सारं एकात एक बसवते. आणि मग मागचं पुसट करते.

"म्हणजे चांगलं दिसून राहिलेलं तू खराब करतेस?"

"त्याच्याचसाठी ठेवलं मले, आई!" खूप हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग एक राखाडी चित्र दाखवलं. जवळचं पांढरं, दूरचं काळं, मधलं मधल्या रंगाचं. त्यात चेहरे नाहीत, फुलं नाहीत, फक्त अंतर. ते पाहून कॉम्प्युटर ठरवतो, कशाला किती पुसट करायचं. "एकाच अंतरावरच्या दोन गोष्टी सारख्याच पुसट पायजेत. एक साफ अन् एक पुसट झाली का गेलं काम. पाहणाऱ्याले सांगता येत नाई काय चुकलं ते. पण पोटात कसंतरी होते."

अक्षरं मी लग्नानंतर शिकले, बियाण्याच्या पिशव्यांवरून. त्यामुळे कोणतीही गोष्ट दोनदा वाचायची सवय आहे. तिचं हे बोलणंही मनात दोनदा वाचलं.

८ ऑक्टोबर

पाऊस गेलाच. गजेंद्र धानाच्या बांधीवरून आला, पाय धुता धुता म्हणाला, "लोंब्या वाळून राहिल्या. बरसी झाली का तुडुम उघडतो." मी भाकर वाढली. वर्षभर मीच वाढते. घर एक, चूल एक.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी नीतूने फिल्म दाखवली. ह्यांचे जुने फोटो, बैलांबरोबरचे, मंडईतले. शेवटी त्याच सकाळचं. मी सूप घेऊन हसते आहे, आणि मागे दूर पाळीवर — हे! हात वर करून उभे. मग तुडुमाकडे उतरून दिसेनासे होतात. मला माहीतच नव्हतं की हे त्यात आहेत. त्या दिवसाचं काहीच पाहिलं नव्हतं मी.

रडले. पण पोटात कसंतरी झालं. रडण्यानं नव्हे.

गजेंद्र दारातून पाहत होता. "हा कवाचा हाय?"

"मांगच्या सालचा, काका. असाच."

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग नीतूकडे. मग माझ्याकडे. "मस्त बनवलंस," म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गेला.

१० ऑक्टोबर

फिल्म पुन्हा पाहिली. पाळीवरच्या मोहाच्या झाडाची पानं साफ दिसतात. झाडाला लागूनच पुसट डाग आहे — ओल्या अंगठ्याने पुसल्यासारखा. दोन्ही एकाच अंतरावर!

११ ऑक्टोबर

गजेंद्र शेतात गेल्यावर नीतूला विचारलं. "मोहाजवळ काय पुसलंस?"

"मोबाइलचा ब्लर असते आई तो. कॅमेऱ्याचा."

"मग मोहाले काऊन नाई?"

तिने दार लोटून घेतलं. मग कॉम्प्युटर उघडला, एक बटण दाबलं. डाग गेला.

डाग म्हणजे गजेंद्र. चेहरा एवढ्या दुरून दिसत नाही, पण दोर डाव्या हाताने गुंडाळणारा गावात तोच एक. हे खाली उतरलेले. तो कोपर आणि अंगठ्यातून दोर गुंडाळतो आहे, सावकाश, वेढ्यावर वेढा. गुंडाळलेला दोर खांद्यावर टाकतो. खाली पाण्याकडे एकदा पाहतो. आणि जातो. पळत नाही, ओरडत नाही. बांधावरून घरी जातो तसा जातो.

आणि पुढे मी. साफ, स्वच्छ. हसत.

"कवापासून ठाऊक तुले?"

"तेराव्याच्या दिवशी पाहिलं." ती म्हणाली. "मी तिकडं, तू इथं त्याच्याच घरात. तुले सांगतलं असतं तं तू गप्प बसली असतीस? मग तुलेबी... बाबा त्याच्यात होते म्हणून फेकता नाई आलं. काकाले तेवढा पुसला."

ठाण्यात जाऊ म्हणाली. मी म्हटलं, तिथे विचारतील, दोर गुंडाळणं गुन्हा आहे का? म्हणतील, भाऊ उमराव वर आला असं त्याला वाटलं असेल. तो हो म्हणेल. सगळे पुन्हा माना हलवतील.

तसंच असेलही. पण मग दोर नेलाच नव्हता, हे कशाला सांगितलं?

रात्री दाराला कडी घातली. वर्षभरात प्रथमच.

१२ ऑक्टोबर

बरसी झाली. गजेंद्रने घास ठेवला, हात जोडले. कावळा आला नाही. "भाऊ रुसला वाट्टे," असं तोच म्हणाला. पंगतीत दोघं-तिघं हसले.

१३ ऑक्टोबर

दोर गोठ्यातच आहे. खुंटीपासून खुंटीपर्यंत बांधलेला. वर्षभर मी त्याच्यावर लुगडी वाळवली.

१४ ऑक्टोबर

नीतूची सुट्टी संपली. "माह्यासंग चाल आई, आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, धानाचं पाणी होऊ दे, मग येते. अर्जुनीच्या स्टेशनावर रडली. मी नाही.

जेवताना गजेंद्र म्हणाला, "उद्या तुडुम उघडतो. मांगच्या सालापासून पाळीवर उभा राहाले कोणी तयार नाई. समदे भेतात. वहिनी, तुमी येता का? दोर तं धराचा हाय नुसता."

माझ्याकडे पाहत होता. मला किती माहीत आहे, तेच शोधत असावा. मी ताटात भात वाढला.

"येते," म्हटलं.

तो हसला. "सोडान तं नाई ना?"

"मी कायले सोडीन, भाऊजी!"

१५ ऑक्टोबर

दोरावरची लुगडी काढली. दोर सोडून मीच नेला. मोहाखाली उभी राहिले. गजेंद्रने टोक मुठीत धरलं, एकदा वर पाहिलं आणि बुडी मारली.

दोर सैल झाला तेव्हा मी तो कोपरावर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि घरी आले. सुपात तांदूळ घेऊन दारात बसले.